जिगहेड नीट ओतला जात नाही? साच्याआधी गळ बघा

जिगहेड म्हणजे नेढ्यालगत शिशाचं डोकं ओतलेला, मासे गरवायचा गळ. शिसं वितळलेलं आहे, साचा गरम आहे, गळ खाचेत बसवलाय. साचा मिटायचा, ओतायचं, उघडायचं. डोकं बाहेर येतं ते कडेने पातळ पापुद्रा घेऊनच. गळ जरासा तिरका, दोरी बांधायचं नेढं शिशाने बुजलेलं. दुसरं ओतलं तरी तेच. आच वाढवली, साच्याला काजळी धरली, दोन्ही मुठी आवळून दाबून धरलं, तरी तेच. दहातली तीन डोकी बरी निघतात आणि सात परत कढईत जातात.

ही तक्रार दोन हंगाम माझीच होती. आता गरवायला जाणारे ओळखीचे लोक तीच घेऊन येतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "शिसं किती तापवायचं?" मी विचारतो, "साचा घेतलास तेव्हा गळ कुठला वापरणार ते ठरलं होतं का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. साचा वजन बघून घेतलेला असतो आणि गळ दुकानात मिळाले ते. पुढे होणारा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

मी रत्नागिरीत राहतो. भाट्याच्या खाडीत, मिऱ्याच्या कातळावर, कधी जयगडच्या बाजूला जातो. शॅड, म्हणजे मऊ रबरी मासा, लावून जिताडा आणि तांबोशी शोधायची म्हणजे जिगहेड तळाला लागलाच पाहिजे, आणि तळाला लागला की कातळात नाहीतर कांदळाच्या मुळात अडकणारच. एका भरतीत पाच-सहा डोकी जातात. म्हणून घरी ओतायचं. किमतीचा भाग आहेच, पण पेटीत डोकी कमी उरली की माणूस अडचणीच्या जागी टाकायला कचरतो, आणि मासा नेमका तिथेच असतो.

जिगहेडचा साचा हा शिशाच्या गोळीचा साचा नसतो. तो एका ठरावीक गळाचा साचा असतो आणि त्या गळाभोवती गोळीची जागा कोरलेली असते. गोळीची पोकळी कुठलंही शिसं आनंदाने भरते. अडतं ते गळाच्या खाचेपाशी. त्या खाचेत चार मापं पक्की झालेली असतात: तारेची जाडी, मानेचा म्हणजे नेढ्यापाशी गळाला दिलेल्या वळणाचा कोन, मानेपासून नेढ्यापर्यंतचं अंतर आणि नेढ्याचा बाहेरचा व्यास. यातलं एक जरी जुळलं नाही तरी साचा पुरता मिटत नाही किंवा गळ आत डुलतो.

माझ्या पहिल्या साच्याचं झालं ते असं. साचा ॲल्युमिनियमचा होता, पाच पोकळ्यांचा, दिसायला देखणा. त्यावर फक्त वजनं कोरलेली. मी त्यात घालत होतो ते ३/० नंबरचे जाड तारेचे गळ, कारण तांबोशी बारीक तारेचा गळ सरळ करून जाते, हे मी एकदा स्वतः अनुभवलं होतं. साचा मात्र बारीक तारेच्या २/० गळासाठी कोरलेला. शिवाय साच्यातली मान काटकोनात आणि माझ्या गळांची मान ६० अंशांत. मी तो गळ दाबून बसवायचो, साच्याची दोन्ही अर्धुकं मिटायची, बिजागरीशी नीट आणि टोकाशी केसाएवढी फट ठेवून. वितळलेलं शिसं ती फट बरोबर शोधतं.

गळाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. एका कंपनीचा ३/० आणि दुसऱ्या कंपनीचा ३/० शेजारी ठेवून बघा, लांबी वेगळी, तार वेगळी. गळाच्या आकड्यांना सगळ्यांनी पाळायचं असं एक माप नाही. अमेरिकेतली आयोवा राज्यातली डू-इट ही कंपनी अनेक वर्षं असे साचे विकते, आणि तिच्या साच्यांबरोबर कुठल्या पोकळीत कुठल्या कंपनीचा कुठला नंबर बसतो याची यादीच मिळते. साचा निवडायची रीत त्या यादीत आहे: आधी गळ, मग पोकळी. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या साच्यांवर अशी यादी बहुधा नसते. मग ती आपणच करायची, आणि ती पैसे देण्याआधी करायची. विकणाऱ्याला विचारा की यात कुठला गळ घालून तुम्ही ओतलंय, त्याचा फोटो पाठवा. फोटो आला नाही तर तो साचा कितीही स्वस्त असो, मी घेत नाही.

दोष साच्याचा की ओतण्याचा, ते आधी वेगळं करा

ओतताना होणारे दोष आणि साचा न जुळल्याने होणारे दोष वरवर सारखेच दिसतात. त्यांची सरमिसळ झाली की माणूस महिनोन्महिने तापमानाशी झगडत बसतो.

डोक्यावर सुरकुत्या असतील, चंद्रावरच्या खड्ड्यांसारखा पृष्ठभाग असेल, किंवा गोळी अर्धवट भरून कड गोल राहिली असेल, तर साचा थंड होता किंवा शिसं थंड होतं. हा ओतण्याचा दोष. पहिली चार-पाच डोकी अशीच निघतात, ती परत कढईत टाकायची, साचा त्यांनीच तापतो. ज्या साच्यात लहानमोठ्या पोकळ्या आहेत त्यात मोठ्या पोकळीपासून सुरुवात करा. मोठी गोळी जास्त उष्णता सोडते आणि शेजारची लहान पोकळी आयती तयार होते.

डोकं पूर्ण भरलंय पण पांढुरकं, धुकं बसल्यासारखं दिसतंय, तर फार तापलंय. वापरायला काही हरकत नाही, फक्त आच कमी करा. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, ३७० ते ४३० अंशांच्या दरम्यान ते चांगलं वाहतं. त्याच्या वर नेऊन हाती काही लागत नाही, धूर आणि मळी मात्र वाढते.

पापुद्रा प्रत्येक वेळी एकाच बाजूला, एकाच जागी येत असेल, तर तो साच्याचा दोष. तापमानाने झालेला दोष जागा बदलतो, साच्याचा दोष जागा बदलत नाही. मला हे एवढं एक वाक्य कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर एक अख्खा पावसाळा वाचला असता. पाच डोकी ओळीने मांडा, सगळ्यांची नेढी एका दिशेला करा आणि बघा. पापुद्रा सगळ्यांच्या मानेशीच असेल तर कढईकडे बघूच नका.

नेढ्यात शिसं जातं, याचीही दोन कारणं असू शकतात. नेढं खाचेपेक्षा लहान असेल तर भोवती जागा उरते आणि शिसं तिथे चढतं. नेढं मोठं असेल तर साचा मिटतच नाही. पहिल्यात फक्त नेढं बुजलेलं, बाकी डोकं स्वच्छ. दुसऱ्यात नेढंही बुजलेलं आणि पापुद्राही. एवढ्यावरून गळ कोणत्या बाजूला चुकलाय ते कळतं.

गळ साच्यात नीट बसतो, पण ओतल्यावर टोक एका अंगाला झुकलेलं निघतं, तर गळाच्या दांडीची खाच तारेपेक्षा रुंद आहे. असं डोकं पाण्यात सरळ चालत नाही. शॅड एका कुशीवर पडून गोल फिरतो, दोरीला पीळ बसतो, आणि माणूस दोष शॅडला देतो.

न ओतता साचा तपासायचा

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझा एक मित्र फिटर आहे. मी साचा घेऊन त्याच्याकडे गेलो ते खाच कानशीने रुंद करून घ्यायला. त्याने कानस हातातही घेतली नाही. "आधी ब्लू लावून बघू," म्हणाला. दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात का ते बघायला कारखान्यात निळा रंग लावतात, तो त्याने एका अर्धुकावर बोटाने अगदी पातळ पसरला, गळ ठेवला, साचा मिटला, उघडला. दुसऱ्या अर्धुकावर निळा डाग फक्त दोन जागी उमटला होता: बिजागरीपाशी आणि गळाच्या मानेपाशी. बाकी सगळा पृष्ठभाग कोरडा. "हे बघ," तो म्हणाला, "तुझा साचा मानेवर उभा आहे. बाकी कुठे टेकतच नाहीये."

घरी ब्लू लागत नाही. मेणबत्तीची काजळी पुरते. एका अर्धुकाच्या सपाट भागावर काजळी धरा, गळ ठेवा, मिटा, दाबा, उघडा. काजळी पुसली गेली तिथे दोन्ही अर्धुकं टेकतात. ती चारी बाजूंनी पुसली गेली पाहिजे. हे करायच्या आधी साचा गळाशिवाय मिटून बॅटरीसमोर धरा. रिकाम्या साच्यातूनच उजेड दिसला, तर तो साचा वाकडा आहे किंवा बिजागरीत खेळ आहे, कुठलाही गळ घातला तरी पापुद्रा येणार. तो परत करा.

काजळीची परीक्षा पास झाली की मेण ओता. साधी मेणबत्ती वितळवायची, गळ बसवायचा, साचा मिटायचा, मेण ओतून थंड होऊ द्यायचं. गळ सरळ बसला का, नेढं मोकळं आहे का, शॅड धरून ठेवणारा डोक्यामागचा शिशाचा काटा पूर्ण भरला का, सगळं दहा मिनिटांत दिसतं. मेणाचं डोकं सोनाराच्या बारीक काट्यावर तोललं तर शिशाच्या वजनाचाही ढोबळ अंदाज येतो, कारण शिसं मेणाच्या साधारण साडेबारा पट जड. गळाचं वजन आधी वजा करायला विसरू नका. मेण थंड होताना आकसतं, म्हणून आकडा थोडा कमीच येतो.

आता कानशीबद्दल. खाच रुंद करायचा मोह मला झाला, तुम्हालाही होईल. मित्राने नकार दिल्यावर मी घरी येऊन एक पोकळी स्वतः घासली. जाड तार बसायला लागली, पण खाच मधे खोल आणि कडेला उथळ झाली. त्या पोकळीत आता जाड गळही डुलतो आणि बारीक गळ तर घालताच येत नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, दोन हात जास्त मारले की गेलं. साचा एकदा हातात आला की त्याला जुळणारा गळ शोधायचा, गळासाठी साचा घासायचा नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे दहा-दहा गळ आणून बघणं हे एक पोकळी कायमची घालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मान काटकोनात की ६० अंशांत हा निव्वळ साचा जुळवण्याचा प्रश्न नाही, मासेमारीचाही आहे. काटकोनातलं नेढं डोक्याच्या माथ्यावर येतं. होडीतून सरळ खाली सोडून उचलायचं असेल, किंवा पुलावरून, तर ते चांगलं. ६० अंशांचं नेढं जरा पुढे झुकतं, किनाऱ्यावरून फेकून ओढत आणायला ते मला जास्त आवडतं, नाक खडकात कमी घुसतं. ३० अंशांचं नेढं जवळजवळ नाकावरच असतं, शेवाळ आणि मुळांमधून ते सहज निघून येतं. तुम्ही कुठे उभे राहून गरवता ते आधी ठरवा, त्यावरून मान ठरेल, मानेवरून गळ, आणि गळावरून साचा.

डोक्याच्या आकारावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत थोडक्यात: पहिला साचा गोल डोक्याचाच घ्या. गोल डोकं सर्वांत सहज भरतं, त्यात शिसं अडकायला कोपरे नसतात. माशाच्या तोंडासारखे, डोळे आणि खवले कोरलेले साचे फोटोत छान दिसतात. नवख्याच्या हातून त्यातलं निम्मं नक्षीकाम भरत नाही.

वजनं

साचा घेताना वजनांची रेंज जितकी मोठी तितका फायदा असं वाटतं. ३ ग्रॅमपासून ४० ग्रॅमपर्यंत एकाच साच्यात असेल तर गळ मात्र एकच बसेल का? नाही. ३ ग्रॅमच्या पोकळीत बारीक गळ लागतो आणि ४० ग्रॅमच्यात जाड. म्हणजे एक साचा चालवायला चार प्रकारचे गळ आणावे लागतात, आणि ते चारही जुळावे लागतात. जिगहेडसाठी मी आता दोनच साचे वापरतो. एकात ७, १० आणि १४ ग्रॅम, तिन्हींत एकच गळ. दुसऱ्यात २० आणि २८, त्यात जाड गळ. खाडीत ओढ कमी असताना पहिला, ओहोटीची धार लागली की दुसरा.

अमेरिकन साच्यांवर वजन औंसात असतं. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, पाव औंस ७.१, अर्धा १४.२. बाकीचं तुम्हीच काढाल.

वजन दुप्पट झालं म्हणजे गोळीही दुप्पट मोठी दिसेल असं वाटतं, तसं होत नाही. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. त्या हिशेबाने ७ ग्रॅमची गोळी १०.६ मिलिमीटर व्यासाची होते, १४ ग्रॅमची १३.३ आणि २८ ग्रॅमची १६.८. साच्यावर वजन कोरलेलं नसेल तर पोकळीचा व्यास व्हर्नियरने मोजून या आकड्यांशी ताडून बघा. एकदा मला २० ग्रॅम म्हणून मिळालेल्या साच्याची पोकळी साडेतेरा मिलिमीटर निघाली. २० ग्रॅमला १५ लागतात. गळ जुळत असूनही तो साचा माझ्या कामाचा नव्हता.

साचा बरोबर असून वजन कमी येत असेल तर शिशात दुसरं काहीतरी आहे. टायरवाल्याकडून आणलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांमध्ये अँटिमनी असतं, त्याने शिसं कडक होतं आणि किंचित हलकं. कडक शिसं शॅड धरणाऱ्या बारीक काट्यात नीट शिरत नाही, म्हणून जिगहेडला मऊ शिसंच बरं. जुना पाइप, जुन्या केबलवरचं आवरण, जाळ्याची जुनी शिशं ही चांगली. नखाने ओरखडा उठला तर मऊ. टायरच्या वजनांत आता जस्ताचीही असतात, ती वेगळी काढलीच पाहिजेत. जस्त ४१९ अंशांना वितळतं. त्याच्या खाली आच ठेवली तर ते वर तरंगतं, पळीने काढून टाकता येतं. एकदा ते शिशात मिसळलं की सगळा घाणा पेजेसारखा दाट होतो, साच्यात शिरत नाही, आणि माणूस पुन्हा साच्यालाच दोष देतो. जमिनीवर टाकून आवाज ऐका: शिसं धप्प करतं, जस्त वाजतं.

गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या वितळवू नका. त्यात आम्ल असतं, शिवाय असे घटक असतात ज्यांच्यापासून विषारी वायू तयार होतात. फुकट मिळाल्या तरी नकोत.

प्लास्टरचा साचा

ॲल्युमिनियमचा साचा जुळत नाही म्हटल्यावर पुढचा विचार येतो तो स्वतःच साचा करायचा, आपल्याच गळावर. विचार बरोबर आहे, फक्त वस्तू काळजीने निवडायला हवी.

मी प्लास्टर ऑफ पॅरिसपासून सुरुवात केली. आवडता जिगहेड घेतला, खालचं अर्धुक ओतलं, व्हॅसलीन लावलं, वरचं ओतलं. दोन्ही सुंदर निघाली. जुलै महिना होता. पाऊस उघडल्यावर तीन दिवस उन्हात ठेवली, हाताला खडखडीत कोरडी लागली. अंगणात शेगडी मांडली आणि पहिलं डोकं ओतलं. साच्याच्या तोंडातून फस्स असा आवाज आला आणि शिसं उलटं वर उडालं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मनगटाच्या वर अजून एक पांढरा डाग आहे.

कारण नंतर समजलं. घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये वजनाच्या साधारण एक पंचमांश पाणी रासायनिक बांधणीतच असतं. ऊन ते काढत नाही. ऊन फक्त वरवरचं, मोकळं पाणी काढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तेही परत शोषलं जातं. बांधलेलं पाणी १०० अंशांच्या पुढे सुटू लागतं आणि शिसं आत येतं ३२७च्या वर. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. बंद पोकळीत ती जागा शिशाला बाहेर फेकूनच मिळते.

प्लास्टर वापरायचंच असेल तर ते भट्टीत हळूहळू, काही तास, तापवून पूर्ण वाळवावं लागतं, आणि त्यानंतर ते ठिसूळ होतं, दहा-वीस डोक्यांत कड तुटते. एखाद-दुसरा नमुना काढून गळ आणि आकार पटतो का ते बघायला ठीक. हंगामाची डोकी ओतायला नाही. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

सिलिकॉनचा साचा आपल्या गळावर हुबेहूब बसतो, हा त्याचा मोठा गुण. तार जाड असो, मान कशीही असो, सिलिकॉन तिचा अचूक ठसा घेतं. पण साधं सिलिकॉन शिशाच्या तापमानाला टिकत नाही. जास्त उष्णता सोसणारं खास सिलिकॉन मिळतं, तेसुद्धा साधारण ३०० अंशांच्या आसपासचं असतं, म्हणजे शिशाच्या वितळणबिंदूच्या खालीच. काही डोकी निघतात, मग कडा कोळपून चिरा पडतात. त्याची खरी जोडी बिस्मथ आणि कथिलाच्या मिश्रणाशी. ५८ भाग बिस्मथ, ४२ भाग कथिल, वितळतं १३८ अंशांना. सिलिकॉनला काही होत नाही, आणि शिशाचा संबंधच उरत नाही. महाग पडतं आणि हलकंही, म्हणजे १४ ग्रॅमच्या पोकळीत साडेदहा ग्रॅमच्या आसपास. घरात लहान मूल असेल तर मी याच वाटेने जा म्हणेन. ब्रिटनमध्ये हंस शिशाची वजनं गिळून मरायला लागले म्हणून १९८७पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हापासून तिकडचे लोक अशा पर्यायांवर काम करत आहेत.

तिसरी वाट म्हणजे आपल्या गळावर ॲल्युमिनियमचा साचा करून घेणं. माझे सध्याचे दोन्ही साचे असेच आहेत. फिटर मित्राच्या ओळखीने एका वर्कशॉपमध्ये मशीनवर कोरून घेतले. तिथे जाताना एक नाही, त्याच पाकिटातले दहा गळ न्या. एकाच पाकिटातल्या गळांतही तारेत आणि मानेत थोडा फरक असतो, आणि कारागिराने सर्वांत जाड गळ धरून खाच कोरली पाहिजे. ओतायचं तोंड वरून नरसाळ्यासारखं रुंद आणि पोकळीशी मिळताना अरुंद करायला सांगा. अरुंद असेल तर तोंडात गोठलेली शिशाची दांडी पक्कडने सहज पिळून तुटते. फार अरुंद केलं तर शिसं तिथेच गोठतं आणि गोळी अर्धी राहते. माझ्या १४ ग्रॅमच्या पोकळीला ४ मिलिमीटर बरोबर बसलं. हवा निघायला नेढ्याच्या बाजूला सुईने ओढल्यासारखी एक बारीक रेघ हवी. आणि ते गळ बाजारात पुढेही मिळत राहतील ना, हे दुकानदाराला विचारून घ्या. मी साचा झाल्यावर त्याच गळांची पाच पाकिटं घेऊन ठेवली.

जुळलेला साचा आणि तब्येत

पापुद्रा आला की आपण तो कानशीने घासतो. घासला की शिशाची बारीक पूड उडते. ती नखांत बसते, शर्टावर बसते, अंगणात पडते, तिथे मुलं खेळतात. शिशाची अमुक एक मात्रा सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानतच नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट. ओतताना उघड्यावर बसा, वाऱ्याकडे पाठ करा, चष्मा, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट घाला, हे सगळे सांगतात आणि ते केलंच पाहिजे. ती कढई आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. पण पुडीचं कुणी बोलत नाही. साचा जुळला की कानस लागतच नाही, दांडी पक्कडने तोडली की काम झालं. उरलेली कड सुरीने खरवडायची, तुकडे कागदावर झेलून परत कढईत टाकायचे.

वाया गेलेली डोकी कढईत टाकताना गळाचं काय करायचं, असं विचारतात. गळ टाकून द्या. आचेवर धरून शिसं गाळलं तर गळाचं पाणी उतरतं, तो मऊ पडतो किंवा ठिसूळ होतो. असा एक वाचवलेला गळ मी वापरला होता आणि आमच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर चांगला गोबरा मासा लागला तेव्हा तो सरळ झाला.

तो पहिला, न जुळलेला पाच पोकळ्यांचा साचा अजून माझ्याकडे आहे. गळाच्या खाचेत पितळेच्या तारेचा पीळ दिलेला फासा बसवतो. तार मऊ, ती खाचेप्रमाणे वाकते, साचा घट्ट मिटतो. तळाच्या गरीसाठी १४ ग्रॅमची वजनं त्यातून अगदी स्वच्छ निघतात.